नदीचं मूळ, ऋषीचं कूळ आणि शिडांचं कापड

आपल्याकडे ओळख झाली की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला प्रश्न येतोच, "तुम्ही मूळचे कुठले?" जन्म पुण्याचा, शाळा पुण्याची, तरी माणूस बिनदिक्कत सांगतो, "आम्ही मूळचे राजापूरकडचे." मग विचारणाऱ्याची कुणीतरी मावशी तिकडेच दिलेली निघते आणि खुर्ची जवळ ओढली जाते. लंडनमध्ये जन्मलेल्या काळ्या माणसाला हाच प्रश्न विचारला तर तो "लंडनचा" म्हणतो. विचारणारा तिथे थांबत नाही. "हो, पण मूळचा कुठला?" आता खुर्ची जवळ येत नाही. तू इथला नाहीस, एवढंच त्या दुसऱ्या प्रश्नातून सांगायचं असतं.

यिंका शोनिबारे या कलावंताला हा प्रश्न चित्रकलेच्या वर्गात विचारला गेला. त्याचं उत्तर वीसेक वर्षांनी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात, एका भल्यामोठ्या बाटलीत उभं राहिलं. हे प्रकरण त्या बाटलीचं, तिच्यातल्या जहाजाचं आणि मुख्यतः त्या जहाजाच्या शिडांचं. आफ्रिकेबाहेर पसरलेल्या आफ्रिकन समाजांच्या कलेविषयी लिहिताना 'मुळांचा शोध' हे शब्द आपण फार सैलपणे वापरतो. इथे मुळं शोधायला निघालेल्या माणसाला हॉलंडमधला एक कारखाना सापडला, म्हणून मला हे प्रकरण मोलाचं वाटतं.

वर्गातला प्रश्न

शोनिबारे यांचा जन्म १९६२ साली लंडनमध्ये झाला. आईवडील नायजेरियाचे. तीन वर्षांचे असताना कुटुंब लागोसला परतलं. घरात योरुबा, शाळेत इंग्रजी असं बालपण गेलं आणि सतराव्या वर्षाच्या आसपास ते शिकायला पुन्हा लंडनला आले. त्यानंतर लवकरच मज्जारज्जूच्या आजाराने त्यांना गाठलं आणि शरीर लुळं पडलं. काही हालचाल पुढे परत आली, पूर्ण नाही. आजही त्यांची बरीच कामं सहकाऱ्यांच्या हातून उभी राहतात.

१९८०च्या दशकात ते बायम शॉ या कलाशाळेत शिकत होते. सोव्हिएत रशियात गोर्बाचोव्ह यांचं पेरेस्त्रोइका, म्हणजे फेररचनेचं धोरण, चालू होतं आणि हा विद्यार्थी त्यावर चित्रं काढत होता. शोनिबारे यांनी अनेक मुलाखतींत सांगितलेली गोष्ट अशी, की एका शिक्षकाने त्यांना विचारलं, तू तर आफ्रिकन, मग अस्सल आफ्रिकन कला का करत नाहीस?

या प्रश्नात वाईट हेतू असेलच असं नाही. पण बघा, वर्गातल्या गोऱ्या मुलाने रशियावर चित्र काढलं तर तो जगाचा विचार करतो आणि लागोसमध्ये वाढलेल्याने काढलं तर तो आपलं काम सोडून भलतीकडे गेला. शोनिबारे चिडले की नाही कोण जाणे, त्यांनी प्रश्न मात्र अक्षरशः घेतला. अस्सल आफ्रिकन हवं ना? मग ते दक्षिण लंडनमधल्या ब्रिक्स्टनच्या बाजारात गेले. १९४८ साली 'एम्पायर विंडरश' जहाजातून वेस्ट इंडीजची माणसं आली, त्यातली बरीच या भागात स्थिरावली. आफ्रिकन कापडाची दुकानंही इथलीच. भडक रंग, मोठाली नक्षी, लागोसच्या लग्नांत आया-मावश्यांच्या अंगावर असतं तेच कापड. दुकानात कळलं, की हा माल हॉलंडमध्ये छापला जातो आणि नक्षीची पद्धत इंडोनेशियाची आहे.

दुसरा कुणी हिरमुसून घरी गेला असता.

कापडाची कुंडली

इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण सगळं प्रकरण या कापडात गुंडाळलेलं आहे.

जावा बेटावर बाटिक करतात ते असं: चांटिंग नावाच्या तांब्याच्या चिमुकल्या झारीतून वितळलेलं मेण कापडावर सोडत नक्षी काढायची, कापड रंगात बुडवायचं, मेण असेल तिथे रंग चढत नाही, मग मेण उतरवायचं. दर रंगाला हाच खटाटोप. एकेका कापडाला आठवडेच्या आठवडे लागतात. जावा तेव्हा डचांच्या ताब्यात होतं. हेच काम यंत्रावर केलं तर स्वस्तात विकता येईल, असा डच कारखानदारांनी हिशेब केला. हेल्मोंड गावी १८४६ साली सुरू झालेली, आज व्लिस्को नावाने ओळखली जाणारी कंपनी त्यातलीच. त्यांनी मेणाऐवजी राळ वापरली आणि रुळांनी ती कापडाच्या दोन्ही बाजूंना छापली. पण राळ वाळली की तडकते, त्या भेगांत रंग शिरतो आणि नक्षीभर बारीक शिरा उमटतात. जावाच्या गिऱ्हाइकाला हा दोष वाटला. त्यातच तिथल्या कारागिरांनी तांब्याचे ठसे वापरून स्वतःचं काम स्वस्त केलं. त्या ठशाला त्यांच्या भाषेत 'चाप' म्हणतात, आपल्या 'छाप'च्या किती जवळ! डचांचा माल तिथे पडून राहू लागला.

मग तो आफ्रिकेत कसा पोचला? एक कथा हमखास सांगितली जाते. १८३१ ते १८७२ या काळात डचांनी आजच्या घानाच्या किनाऱ्यावरून सुमारे ३,००० आफ्रिकन शिपाई आपल्या पूर्वेकडच्या वसाहतींत लढायला नेले. त्यांतले काही परतताना पेटीत बाटिक घेऊन आले आणि गावोगावी त्याची हौस लागली. एल्मिना शहरात अशा निवृत्त शिपायांच्या वस्तीची टेकडी अजून 'जावा हिल' म्हणून ओळखली जाते, त्यामुळे कथेत तथ्य नाही असं नव्हे. पण शिपायांच्या पेट्यांतून बाजारपेठ उभी राहत नाही. ती १८९०च्या दशकात ग्लासगोच्या एबेनेझर ब्राउन फ्लेमिंग नावाच्या व्यापाऱ्याने उभी केली. त्याने हॉलंडमधला माल गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, बाजारात नेला आणि तिथल्या बायकांना काय आवडतं ते कारखान्याला कळवत राहिला.

जावात जो दोष होता तो इथे गुण ठरला. भेगांमुळे कापडाचे दोन तुकडे अगदी सारखे निघत नाहीत, म्हणजे माझ्यासारखं दुसरीकडे नाही!

पुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कारखान्यात नक्षीला नुसता क्रमांक असे. नाव मिळायचं ते आफ्रिकेतल्या बाजारात, घाऊक व्यापार करणाऱ्या बायकांकडून. उडत्या पाकोळ्यांच्या नक्षीला घानात नाव पडलं ते पैशाला पंख असतात या अर्थाचं. पिंजऱ्यातून पक्षी बाहेर पडतोय, अशा नक्षीचं नाव 'तू बाहेर गेलास तर मीही जाईन'. ते नेसून बाई नवऱ्यासमोरून गेली की तोंडाने काही बोलायची गरज नाही. सहा स्पार्क प्लगांची एक नक्षी आहे; ती घालणारीच्या घरी सहा सिलिंडरची मोटार असावी, असा तिचा रुबाब. आपल्या बायका उखाण्यातून जे सुचवत आल्या ते तिथल्या बायका कापडातून सुचवतात. हेल्मोंडच्या चित्रकाराला यातलं काहीही ठाऊक नसे. त्याने पक्षी काढला, बोलायला लावलं बाजाराने.

अटलांटिकच्या पलीकडेही हेच झालं. १९६०-७०च्या दशकांत अमेरिकेतल्या काळ्या तरुणांनी आपल्या आफ्रिकन वारशाची खूण म्हणून 'दशिकी' हा सैल सदरा अंगात चढवला. त्यावरची सर्वांत गाजलेली नक्षी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला व्लिस्कोतल्या टून व्हान डे मानाकर या डच चित्रकाराने काढली होती. म्हणून त्या तरुणांचा अभिमान खोटा ठरतो का? मला नाही वाटत.

आपल्या घरातच बघा ना. देवीची ओटी ज्या खणाने भरतात आणि ज्या खणाची पर्स, कुडता, पैठणीला जोड म्हणून झंपर शिवून आपण 'मराठमोळं' म्हणत मिरवतो, तो खण परंपरेने विणला जातो कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्ड गावी. इरकलीचं इळकल गावही त्याच जिल्ह्यातलं. कोल्हापूरच्या म्हातारीचं इरकली लुगडं त्यामुळे कमी मराठी होत नाही, आणि गुळेदगुड्डचा विणकर कन्नड बोलतो म्हणून ओटी भरायची कुणी थांबलेलं नाही.

रिकामा चौथरा

ट्रफाल्गर चौक म्हणजे इंग्रजांच्या आरमारी अभिमानाचं देवघर. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी स्पेनच्या किनाऱ्याजवळ नेल्सन या इंग्रज नौसेनापतीने फ्रान्स आणि स्पेनच्या एकत्रित आरमाराला हरवलं आणि त्याच लढाईत तो 'व्हिक्टरी' जहाजावर मारला गेला. चौकात सुमारे ५२ मीटर उंच स्तंभ, वर नेल्सन. कोपऱ्यांत चार चौथरे. एकावर राजा चौथा जॉर्ज. दुसऱ्यावर १८४३ साली सिंध गिळणारा चार्ल्स नेपियर. तिसऱ्यावर हेन्री हॅवलॉक, १८५७च्या जुलैत फत्तेपूर आणि कानपूरला नानासाहेब पेशव्यांच्या फौजेचा पराभव करणारा. २००० साली लंडनचे महापौर केन लिव्हिंग्स्टन म्हणाले होते, की हे दोन सेनापती कोण ते मला ठाऊक नाही, त्यांना इथून हलवावं. लंडनच्या महापौराला जे माहीत नव्हतं ते आपल्याकडे शाळेतला इतिहास नीट वाचलेल्याला माहीत असतं. साम्राज्य ज्याने केलं तो विसरतो, ज्याच्यावर झालं त्याच्या लक्षात राहतं.

चौथा चौथरा १८४१ साली राजा चौथा विल्यम याच्या अश्वारूढ पुतळ्यासाठी बांधला गेला आणि पैसे संपल्याने दीडशे वर्षं रिकामा राहिला. १९९९ पासून त्यावर समकालीन कलाकृती ठरावीक काळासाठी ठेवल्या जाऊ लागल्या. २००८ साली पुढच्या दोन कामांची निवड झाली. एक शिल्पकार अँटनी गॉर्मली यांचं, दुसरं शोनिबारे यांचं.

२४ मे २०१० रोजी बाटलीचं अनावरण झालं. लांबी ४.७ मीटर, व्यास २.८ मीटर. तोंडाला बूच, त्यावर लाखेची मोहोर. आत 'व्हिक्टरी'ची एकास तीस प्रमाणातली प्रतिकृती. सदतीस शिडं लढाईच्या दिवशी होती तशी ताणलेली, आणि सगळी त्या ब्रिक्स्टनच्या दुकानातल्यासारख्या नक्षीची: नारिंगी, निळी, पिवळी, वेटोळ्यांची, वर्तुळांची. या चौथऱ्यासाठी निवडलं गेलेलं कृष्णवर्णीय ब्रिटिश कलावंताचं हे पहिलंच काम. चौकाच्या स्वतःच्या इतिहासाशी थेट बोलणारं कामही हेच पहिलं, हे मला त्याहून विशेष वाटतं.

बाटलीतलं जहाज हे खलाशांचं जुनं खेळणं. लांबच्या सफरीत फावल्या वेळी केलेलं, दिवाणखान्यात ठेवायचं. ते पाहिलं की मोठ्या माणसालाही एकच प्रश्न पडतो, हे आत गेलं कसं? शोनिबारे यांनी नेमका हाच प्रश्न निवडला, असं मी मानतो. कारण लंडनमधल्या काळ्या, सावळ्या माणसाकडे बघूनही हाच प्रश्न विचारला जातो, हे आत आले कसे? उत्तर बाटलीतच आहे. ट्रफाल्गरच्या विजयाने समुद्र इंग्रजांना मोकळे झाले, त्या समुद्रांवरून साम्राज्य पसरलं, आणि त्याच वाटांनी पुढे जमैकाची, लागोसची, सिल्हेटची, पंजाबची माणसं लंडनला आली. श्रीलंकेत जन्मलेले लंडनचे विचारवंत ए. सिवानंदन हे फार थोडक्यात सांगत: तुम्ही तिकडे होतात म्हणून आम्ही इकडे आहोत. शोनिबारे यांनी तेच शिडांवर लिहिलं.

आणि शिडंच का? शिडाशिवाय जहाज हलत नाही. डोलकाठ्या, तोफा, सांगाडा सगळं इंग्रजी. पण जिच्यात वारा भरतो ती वस्तू बाहेरची. हे जहाज लंडनच्या नाना वंशांच्या संपन्नतेचा उत्सव आहे, अशा अर्थाचं शोनिबारे स्वतः बोलले आहेत. मला या शिडांमागे आणखी एक काळी सावली दिसते. अठराव्या शतकात पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घ्यायला युरोपीय जहाजं जो माल नेत, त्यात हिंदुस्थानी सुती कापडाचा वाटा फार मोठा होता. गुजरातचं, कोरोमंडल किनाऱ्याचं कापड देऊन माणूस घ्यायचा आणि तो कॅरिबियनच्या उसाच्या मळ्यांवर विकायचा. नेल्सनची बायको फ्रान्सिस निस्बेट ही नेव्हिस बेटावरची, गुलाम राबवणाऱ्या मळेवाल्यांच्या घरातली. आफ्रिकन माणूस, कापड आणि जहाज ही तिन्ही एका वाक्यात आली, की त्या वाक्यात ही किंमतही येतेच. शोनिबारे ती ओरडून सांगत नाहीत. दिसलीच तर दिसते.

नेल्सनच्या स्तंभाच्या पायथ्याशी त्याच्या मृत्यूचं कांस्यशिल्प आहे. त्यात एक काळा खलाशी बंदूक घेऊन उभा आहे. 'व्हिक्टरी'च्या हजेरीपटावर आफ्रिका, वेस्ट इंडीज आणि हिंदुस्थानात जन्मलेले खलाशी होतेच. म्हणजे २०१०च्या जहाजाने काळ्या माणसाला त्या चौकात नव्याने आणलं नाही. तो आधीपासून तिथे होता, पर्यटक त्याच्याकडे पाठ करून स्तंभाभोवतीच्या सिंहांच्या पुतळ्यांबरोबर फोटो काढत होते.

आक्षेप

या कामाचं अनावरण तेव्हाचे महापौर बोरिस जॉन्सन यांनी केलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. इथेच पहिली शंका येते. साम्राज्यावर टीका करणारी कलाकृती साम्राज्याच्या देवघरात इतक्या सुखाने कशी नांदते? तिचे दात काढून ठेवले आहेत का? शंका रास्त आहे. शिडं इतकी देखणी आहेत, की नेल्सनचा चाहता आणि नेल्सनचा टीकाकार शेजारी उभे राहून एकच फोटो काढू शकतात. मला हे थोडं खुपतं. आधीच्या कामांत शोनिबारे अधिक धारदार होते. २००३ सालच्या एका मांडणीत त्यांनी मुंडकी नसलेले चौदा पुतळे टेबलाभोवती बसवले, याच छापील कापडाचे (त्याला 'वॅक्स प्रिंट' म्हणतात) व्हिक्टोरियन कोट घालून, आफ्रिकेचा नकाशा वाटून घेताना. त्यापुढे बाटली मवाळच.

मानसन्मानाचंही तेच. २००३ साली कवी बेंजामिन झेफनाया यांनी ब्रिटिश साम्राज्याच्या नावाचा किताब जाहीरपणे झिडकारला होता. शोनिबारे यांनी पुढे तसाच किताब घेतला, इतकंच नव्हे तर 'एमबीई' ही अक्षरं आपल्या नावापुढे मुद्दाम लावू लागले, प्रदर्शनाच्या पाट्यांवरसुद्धा. ही थट्टा की शरणागती? माझा कल थट्टेकडे आहे. वसाहतीतल्या आईबापांच्या मुलाने 'ब्रिटिश साम्राज्याचा सदस्य' ही पाटी गळ्यात अडकवून मुंडकी नसलेल्या लाटसाहेबांच्या शेजारी उभं राहायचं, हा विनोद किताब नाकारून करता आला नसता. तरी झेफनाया यांचा नकार मला जास्त मोकळा वाटतो. दोन्ही एकाच वेळी पटू शकतं.

तिसरा आक्षेप वजनदार आहे आणि तो आफ्रिकेतून आला. नायजेरियाचे वस्त्र-अभ्यासक तुंडे अकिनवुमी यांनी २००८ साली मांडलं, की 'आफ्रिकन प्रिंट' हे नावच फसवं आहे. या नक्षी जावाच्या, हिंदुस्थानी, चिनी, अरब, युरोपीय. यंत्रावरच्या या मालाने आफ्रिकेच्या स्वतःच्या वस्त्रांची जागा बळकावली. स्वतःची म्हणजे योरुबांचं निळीत रंगवलेलं आदिरे, हातमागाचं आसो-ओके, घानातलं केंटे. लंडनच्या चौकात आफ्रिका दाखवायची होती तर नायजेरियातल्या अबेओकुताचं आदिरे का नाही?

अकिनवुमी यांचं दुःख खरं आहे. हातमागवाल्याच्या पोटावर पाय आला, हे इचलकरंजीपासून येवल्यापर्यंत कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. पण 'अस्सल'चा धागा ओढत गेलं तर तो कुठे तुटतो? आदिरे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भरभराटीला आलं ते युरोपच्या गिरण्यांतून आलेल्या पांढऱ्या सुती कापडावर. असांते विणकर केंटेसाठी परदेशातून आलेल्या रेशमी कापडाचे धागे उसवून पुन्हा विणत. जावाच्या बाटिकवर गुजरातच्या पटोळ्याची आणि कोरोमंडलच्या छिटांची दाट छाया आहे. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. त्या यादीत कापडही घालायला हरकत नाही. जमैकात जन्मून इंग्लंडमध्ये आयुष्य काढलेले संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल १९९०च्या सुमारास हेच माणसांबद्दल सांगत होते: सांस्कृतिक ओळख ही 'असण्या'ची जितकी, तितकीच 'होत जाण्या'ची बाब आहे. पाकोळीच्या नक्षीला पैशाचे पंख देणाऱ्या बाईला हे शिकवावं लागलं नव्हतं.

म्हणून वर्गातल्या त्या शिक्षकाला शोनिबारे यांनी दिलेलं उत्तर मला पूर्ण पटतं. १९९४ साली त्यांनी गुलाबी भिंतीवर कॅनव्हासऐवजी या कापडाचे पन्नास लहान चौकोन लावून वर रंगकाम केलं. त्या कामाच्या नावाचा सरळ अर्थ 'दुहेरी डच' आणि इंग्रजी बोलीत अर्थ अगम्य बडबड. अस्सल आफ्रिकन मागितलंत ना? हे घ्या, डच.

न विचारलेला प्रश्न

माझी अडचण वेगळी आहे. हे कापड मूळचं कुठलं, यावर या जहाजाने सुंदर उत्तर दिलं. या कापडाचा पैसा कुठे जातो, यावर ते गप्प आहे.

त्याच १९९४ सालच्या जानेवारीत पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या फ्रेंच प्रभावाखालच्या देशांचं समाईक चलन, सीएफए फ्रँक, एका फटक्यात निम्म्या किमतीवर आणलं गेलं. टोगोची राजधानी लोमे इथे वॅक्स प्रिंटचा घाऊक व्यापार ज्यांच्या हातात होता, त्या बायकांना लोक 'नाना बेंझ' म्हणत. नाना म्हणजे आई, आजी, मानाची बाई. बेंझ म्हणजे त्यांच्या दाराशी उभी असलेली मर्सिडीज. नक्षींना नावं देणाऱ्या, कुठली चालेल कुठली नाही हे हेल्मोंडला सांगणाऱ्या याच बायका. चलन पडल्यावर हॉलंडचा माल एका रात्रीत दुप्पट महाग झाला. मागोमाग चीनमधून तशाच नक्षीचा स्वस्त माल आला आणि त्यांचं राज्य मोडलं. व्लिस्को टिकली. घानात तेमा आणि आयव्हरी कोस्टमध्ये आबिजान इथेही तिच्या समूहाचे कारखाने आहेत, म्हणजे सगळंच हेल्मोंडमध्ये होतं असंही नाही. पण मालकी? चौकात जहाज उभं राहिलं त्याच २०१० साली व्लिस्को विकली गेली, आणि घेणारी अॅक्टिस ही गुंतवणूक कंपनी लंडनचीच. नावं लोमेच्या बायकांनी दिली, मालकी हेल्मोंडहून लंडनला गेली.

एका कलाकृतीने सगळंच सांगावं, असा हट्ट नको. पण संमिश्र ओळखीचा उत्सव करताना व्यापाराचा हिशेब हमखास मागे राहतो आणि या शिडांचं तेच झालं, असं माझं मत आहे. शोनिबारे यांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी. कलेतून मिळालेल्या पैशाचा आणि नावाचा काही भाग त्यांनी पुढे लागोसला नेला. त्यांच्या संस्थेचं कलावंतांसाठीचं निवासकेंद्र तिथे २०२२ साली सुरू झालं आणि जोडीला शहराबाहेर शेतीही आहे. मूळचा कुठला, या प्रश्नाला दिलेलं हे उत्तर मला बाटलीपेक्षाही आवडतं.

ग्रीनिच

चौथ्या चौथऱ्यावर काहीच कायम राहत नाही. जानेवारी २०१२ मध्ये बाटली उतरली. ती परदेशी संग्राहकाकडे जाऊ नये म्हणून आर्ट फंड ही संस्था आणि ग्रीनिचचं राष्ट्रीय सागरी संग्रहालय यांनी लोकांकडून वर्गणी मागितली. लागणार होते ३,६२,५०० पौंड. आर्ट फंडने ५०,००० घातले, बाकीच्यात सामान्य लोकांच्या लहान-मोठ्या देणग्या होत्या, आणि एप्रिल २०१२ मध्ये बाटली ग्रीनिचला संग्रहालयाच्या दाराबाहेर कायमची बसली. ज्यांनी पैसे दिले त्यांतल्या किती जणांना शिडांच्या कापडाची कुंडली ठाऊक असेल? बहुतेकांना नसावी. जहाज आवडलं, आपल्याजवळ राहावंसं वाटलं. घानातल्या बाईला पाकोळ्यांचं कापड आवडलं, तेव्हाही व्यवहार यापेक्षा वेगळा नव्हता.

त्याच संग्रहालयात काचेआड नेल्सनचा ट्रफाल्गरचा कोट आहे. डाव्या खांद्यावर गोळीचं भोक. कोट लोकरीचा, गडद निळा. इंग्रजी आरमाराचा तो निळा रंग निळीपासून बने, आणि १८०५च्या आसपास लंडनला उतरणाऱ्या निळीचा मोठा भाग बंगालमधून येत असे. बाहेर बाटलीपाशी थांबणारे लोक शिडांकडे बोट दाखवून हे कापड कुठलं म्हणून विचारतात. आत कोटासमोर सगळे गोळीचं भोकच बघत असतात.